छाटणीनंतरचे एकवीस दिवस

खंडेनवमीला कात्रीला हळदकुंकू लागलं की मला भीती वाटायला लागते. यंदाही वाटली. देवघरासमोर पाट मांडला, त्यावर अण्णांचे जुने पाने, हातोडी, विळी, कोयता आणि शेवटी लाल मुठींची गुलाबाची कात्री अशी रांग लावली. एकेकाला झेंडूचं फूल वाहत शेवटाला आले आणि कात्रीपुढे फूल ठेवून हात जरा घाईनेच मागे घेतला. या कात्रीने मला आजवर काहीही केलेलं नाही. तरीही.

हत्यारांना त्या दिवशी सुट्टी असते. दसऱ्याला सोनं वाटून होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गुलाबांची छाटणी सुरू होते. पंचांगात हे कुठे लिहिलेलं नाही, पण आमच्याकडे ते सणासारखंच पाळलं जातं. अण्णा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्यात फिटर होते, निवृत्त होऊन आता पुष्कळ वर्षं झाली. कसबा बावड्यात आमचं लहानसं घर, मागे उसाचा फड, पुढे रोज एकेक मजला चढवणाऱ्या नव्या इमारती, आणि डोक्यावर गच्चीत चाळीसेक गुलाबांच्या कुंड्या. आई गेली, त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न मोडलं आणि मी परत आले. तेव्हापासून या घरात आम्ही दोघंच. मी शाळेत भूगोल शिकवते आणि उरलेल्या वेळात घाबरते.

हे मी थट्टेने म्हणत नाही. गॅसचं बटण मी तीनदा बघते. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जाते आणि परत येऊन ओढून बघते. फोन वाजला तरी दचकते आणि बराच वेळ वाजला नाही तरी. अण्णा म्हणायचे, "शैले, तुझ्या जन्माच्या टायमाला भोंगा झालता, तवापास्नं तू दचकायलीयास." असेलही.

हे दिवसच मुळी विचित्र असतात. पाऊस जातो म्हणतो आणि जात नाही. सकाळी ऊन चटके देतं, दुपारी चारला पश्चिमेकडून काळं भरून येतं, गडगडतं, आणि कधी चार थेंब टाकून निघून जातं तर कधी गच्चीवरून पन्हळीने धो धो वाहतं. फडातला ऊस माणसाच्या वर गेलेला असतो आणि वारं नसतानाही आत काहीतरी सळसळत असतं. गुलाब पावसाने माजलेले असतात, पण तो माज पोकळ असतो. पानांवर काळे ठिपके, काड्या लांबच लांब आणि मलूल, फुलं बारकी. थंडीत चांगला बहर हवा असेल तर आता कापलं पाहिजे, हे मला कळतं. कळणं वेगळं आणि कापणं वेगळं.

अण्णांना हे कधी पटलं नाही. ते कात्री घेऊन झाडासमोर उकिडवे बसायचे आणि थोडा वेळ नुसते बघायचे, बिघडलेल्या पंपाकडे बघतात तसे. मग पहिल्यांदा वाळकं काढायचं. मग एकमेकांवर चढलेल्या काड्या. मग पेन्सिलीपेक्षा बारीक असेल ते सगळं. शेवटी तीन-चार जाड काड्या उरायच्या, गुडघ्याएवढ्या. काप तिरका, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरासा वर. डोळा म्हणजे काडीवरची ती बारीकशी तांबूस टिकली, जिथून नवी फूट येते. आतल्या डोळ्यावर कापलं तर फूट आत घुसते आणि झाड गुदमरतं. "भायेर बगनारा डोळा ठेवायचा," अण्णा सांगायचे. मी मागे उभी राहून ज्या काडीवर कळी आहे तिच्याकडे बघत असायचे. "अण्णा, तिला कळी आहे." "म्हणून काय झालं?" आणि कट्. तो आवाज मला दाताखाली खडा आल्यासारखा लागतो.

त्याहून मला भीती वाटायची ती चुन्याच्या ठिपक्याची. छाटणीआधी अण्णा चुन्याची डबी घेऊन सगळ्या कुंड्यांपुढून फिरायचे. जे झाड पुढच्या हंगामाला ठेवायचं नाही त्याच्या कुंडीवर पांढरा ठिपका. दरवर्षी दोन किंवा तीन. लहानपणी मी शाळेतून आले की आधी ठिपके बघायची. झाडांना मोठी नावं असायची, परदेशी, ती अण्णांच्या तोंडात बसत नसत. त्यांनी आपली नावं ठेवली होती. रोज ठरल्या वेळी उमलणारा 'भोंगा'. मोठी, लालभडक, जरा जास्तच नटलेली 'पाटलीण'. काट्यांनी भरलेला आणि फूल कमी देणारा 'साहेब'. साहेबाला ठिपका लागला तेव्हा मी रडले होते, आणि आईने मला समजावण्याऐवजी अण्णांना झापलं होतं.

रिकाम्या झालेल्या कुंड्यांसाठी दस्तगीरमामू यायचे. त्यांची रोपवाटिका नदीच्या अंगाला होती. टेम्पोत पंधरा-वीस रोपं घालून ते दारात थांबायचे आणि मग निवडीचा कार्यक्रम चालायचा. अण्णा फुलाकडे बघायचेच नाहीत. रोप उचलून डोळा भरला आहे तो सांधा बघायचे, खालच्या रानटी खुंटाला अंगठ्याने दाबून बघायचे. मामू कंबरेवर हात ठेवून म्हणायचे, "फिटर, पोरीचं स्थळ बगायला आलास का गुलाब घ्यायला?" खुंटावर डोळा भरायचं काम अण्णांना त्यांनीच शिकवलं. एका झाडाचा डोळा सालीसकट अलगद काढायचा, रानटी खुंटाच्या सालीत खाच पाडून आत बसवायचा, वर प्लास्टिकची पट्टी आवळून बांधायची. लागला तर नवं झाड.

ज्या वर्षाबद्दल मला सांगायचं आहे, त्या वर्षी चुन्याचा ठिपका आईच्या गुलाबाला लागला होता.

तो फिकट गुलाबी, साधा, पण वासाचा. आईने माहेराहून आणलेला. पावसात शेंड्याकडून काळा पडत खाली वाळत आला होता. अण्णांनी नखाने साल खरवडून बघितली, तीन काड्या आतून तपकिरी, एकच हिरवी. ते डबी उघडून उभे राहिले. मी खाली निघून आले.

छाटणीचं एक काम अजून सांगायचं राहिलं, आणि खरं म्हणजे सगळी भीती त्यातच आहे. काडी कापली की तिचं तोंड उघडं पडतं. त्यातून पाणी आणि बुरशी आत जाऊ नये म्हणून ते बुजवावं लागतं. लोक मोरचूद आणि चुन्याचा लेप लावतात, बाजारात तयारही मिळतो. अण्णा शेण लावायचे. ताजं, म्हशीचं, त्यात थोडी हळद. एकेका काडीच्या टोकाला अंगठ्याने शेणाची टोपी बसवायची. हातमोजे घालायचे नाहीत. "मोज्यानं काडी कळत न्हाय," हे त्यांचं उत्तर. चाळीस झाडांच्या शे-दीडशे काड्या, आणि प्रत्येकीला शेणाचा अंगठा.

छाटणीला चार दिवस झाले होते. दुपारी जेवताना माझं लक्ष त्यांच्या ताटाकडे गेलं. भाकरी मोडताना अण्णांचा उजवा अंगठा बाजूला उभा होता. चार बोटांनी घास करत होते.

"अंगठ्याला काय झालं?"

"काय न्हाय. काटा."

"कधी?"

"छाटणीच्या दिशी. साहेबाच्या जागी आनलेला न्हवं, त्येचा."

"निघाला?"

"निघंल की."

मी हात ओढून घेतला. नखाच्या कडेला सूज होती, मधोमध काळा ठिपका, आणि त्याच्याभोवती पिवळट.

"अण्णा, काटा लागल्यावर शेण कुठल्या हाताने लावलंत?"

त्यांनी हात सोडवून घेतला. मग म्हणाले, "मानसाला शेण लावायचे हात किती असत्यात?"

यातली चूक तुमच्या ध्यानात आली असेल. त्यांच्याही आली असावी, पण ते मला नंतर कळलं. झाडाची जखम बुजवायला जे लावायचं तेच त्यांच्या जखमेत चाळीस झाडांपर्यंत भरलं गेलं होतं. वर त्या संध्याकाळी अंगठा ठणकायला लागल्यावर त्यांनी काय केलं असेल? उरलेली हळदशेणाची वाटी होती. तीच लावून चिंधी बांधली. "झाडाला चालतंय तर मला का न्हाय," असं ते मला रिक्षात म्हणाले.

मला नेसरी दिसत होती.

नेसरी माझं आजोळ. मी सात-आठ वर्षांची असेन. शेजारच्या घरात बाळू नावाचा तरणा माणूस होता, आम्हा पोरांना खांद्यावर घेऊन शेताकडे न्यायचा. त्याच्या पायात गोठ्यातला खिळा गेला. काही दिवसांनी त्याची दातखीळ बसली. त्या घराच्या खिडक्यांना पोती लावली, कारण उजेड लागला की त्याला झटका यायचा. आवाज झाला तरी यायचा. गल्लीतल्या बायका कळशीला फडकं गुंडाळून पाणी न्यायच्या. आम्हाला अंगणात खेळायला बंदी. एका सकाळी मी परसात तोंड धूत होते आणि माझ्या हातून पितळी तांब्या दगडावर पडला. तो गडगडत गेला. मग भिंतीपलीकडून आवाज आला. तो माणसाचा आहे हे कळायला मला वेळ लागला. दाराच्या फटीतून मला दिसलं ते एवढंच, की बाळू डोकं आणि टाचा टेकून मधे उचलला गेला होता आणि त्याची आई त्याच्या अंगावर पडून त्याला खाली दाबत होती. दोन दिवसांनी तो गेला. मी तांब्याचं कुणालाच सांगितलं नाही. आजही स्टीलचं भांडं पडलं की मी पहिल्यांदा भिंतीकडे बघते.

बावड्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी अंगठा उघडला, धुतला, काट्याचं टोक काढून कापसावर ठेवून दाखवलं.

"आजोबा, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं?"

"कारखान्यात असताना दिलतं की."

"त्याला किती वर्षं झाली?"

अण्णांनी डाव्या हाताची बोटं मोजायला घेतली. त्यांना दोन इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या. मग बाई मला म्हणाल्या की यायला उशीर झालाय, पण आपण करायचं ते सगळं केलंय. काटा लागल्यापासून तीन आठवडे लक्ष ठेवा. जबडा आखडला, गिळायला त्रास झाला, मान ताठ वाटली तर एक मिनिट घरी थांबू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. "घाबरू नका, फक्त लक्ष ठेवा."

या दोन गोष्टी वेगवेगळ्या कशा करायच्या ते मला कुणीच शिकवलेलं नाही. मी घरी येऊन कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. एकविसावा दिवस भाऊबीजेला येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा व्हायच्या आत मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "तोंड उघडा. आ करा."

"मी काय बाजारातला बैल हाय व्हय, दात बगायला?"

"आ करा म्हणते ना."

त्यांनी केला. मी म्हटलं, अजून. त्यांनी केला. मला पटेना. उघडतंय, पण कालच्याइतकं उघडतंय का? चावायला त्रास होत असेल आणि सांगत नसतील तर? माझा चेहरा बघून ते वैतागून उठले, जिन्याखालून ऊस काढला, मोडून एक कांडं हातात घेतलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर दातांनी टरकन साल ओढली. एक, दोन, तीन. मग कडाकडा चावून चोथा ताटलीत टाकला. "बास?"

त्या वयात त्यांचे दात शाबूत होते. मागच्या फडाच्या मालकांना दर गणपतीला आमचे गुलाब जायचे आणि त्यांच्याकडून ऊस यायचा, त्यामुळे जिन्याखाली दोन-चार ऊस कायम उभे असत. मग तेच ठरून गेलं. रोज सकाळी चहाआधी एक कांडं, माझ्या समोर. ते सोलायचे आणि मी त्यांच्या कानाखालचा तो स्नायू बघत राहायची. उसाचं कांडं जबड्यात कडाडलं की मला तेवढ्यापुरता श्वास घेता यायचा. चिपाडं मी स्वतः उचलून खालच्या खताच्या बादलीत टाकायची आणि शाळेत जायची. ऊस लवकर संपतोय असं एक-दोनदा वाटलं. म्हटलं, आवडीने खात असतील दुपारी.

शाळेत मी मुलांना नकाशावर नद्या दाखवत होते आणि दाखवता दाखवता माझं बोट थांबायचं. दर तासाला फोन. "काय करताय?" "बसलोय." "गिळताना दुखतंय?" "तुझं बोलनं गिळताना दुखतंय." फोन ठेवला की पुढच्या तासापर्यंत मी जगायची. घरात मी दारं हळू लावायला लागले. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून पातेल्यात भात लावला. कारखान्याचा भोंगा झाला की मी भोंग्याकडे नाही, अण्णांच्या मानेकडे बघायची.

गच्चीवर काड्या तशाच उभ्या होत्या, शेणाच्या टोप्या घालून, एक पान नसलेल्या. छाटणीनंतरचे आठ-दहा दिवस झाड जिवंत आहे की मेलंय हे बघून कळत नाही. मी रोज संध्याकाळी वर जाऊन डोळे बघायची. काही हलत नव्हतं. या वर्षी सगळंच थांबलंय, असं मला वाटायला लागलं. हे मी आता सहज लिहिते आहे. तेव्हा जिन्याच्या पायरीवर बसून मी रडायची आणि मग तोंड धुऊन खाली यायची.

बाराव्या दिवशी तिसऱ्या तासानंतर मी फोन लावला, तो उचलला नाही. परत लावला. परत. पाच वेळा झाल्यावर मी मुख्याध्यापकांच्या खोलीत फक्त "घरी" एवढंच म्हणाले आणि पळाले. रिक्षावाला म्हणाला, "काय झालंय बाई?" मला सांगताही येईना. घराचं दार नुसतं लोटलेलं. फोन टेबलावर, त्यावर पाच वेळा माझंच नाव. मी हाका मारत वर गेले.

अण्णा गच्चीच्या कोपऱ्यात माझ्याकडे पाठ करून बसले होते. "अण्णा!" उत्तर नाही. "अण्णा!" मान जराशी हलली, पण वळली नाही. मी पुढे जाऊन खांद्याला धरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. दात घट्ट मिटलेले. ओठ आवळलेले. त्यातून फक्त "हं, हं" असा घशातला आवाज.

त्यानंतर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. किंचाळले असणार, कारण समोरच्या इमारतीवरचे गवंडी धावत कठड्यापाशी आले. मी अण्णांचा जबडा दोन्ही हातांनी धरला आणि उघडायला लागले. ते माझे हात झटकत होते आणि मला वाटत होतं हा झटका आहे. शेवटी त्यांनी मला कोपराने बाजूला लोटलं, हातातल्या खुंटाकडे वळले, आणि ओठांमधून हिरव्या सालीचा एक इवलासा तुकडा काढला. तो खाचेत बसवला. मग दातांत धरलेली प्लास्टिकची पट्टी काढून गरगर गुंडाळली, गाठ मारली. आणि मग बोलले.

"डोळा वाळला असता न्हवं, येडे! थुकीनं वला ठेवाय लागतोय त्यो!"

मी खाली बसले.

तो डोळा आईच्या गुलाबाचा होता. ठिपका लावलेल्या झाडाच्या त्या एका हिरव्या काडीवर एकच जिवंत डोळा उरला होता. अण्णांनी तो काढला होता. असला डोळा हवेवर सुकतो म्हणून भरेपर्यंत ओठांत धरायचा, पट्टी दातांत, आणि तोवर बोलायचं नाही, ही दस्तगीरमामूंची शिकवण. मामूंना हे कळलं तेव्हा ते आधी पोट धरून हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "बेटी, मी बी इतकी वर्सं तोंडात डोळा धरलाय. घरात कुणी हाक मारत आसंल, ह्याचा इचार कदी केला न्हाई बग."

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या गल्लीत फटाक्यांना जोर येतो. मी पाच वाजल्यापासून खिडक्या लावत होते. फटींत जुनी फडकी कोंबत होते. अण्णा खुर्चीत बसून बराच वेळ बघत होते.

"काय करायलीयास?"

आणि मी तांब्याचं सांगितलं. बाळूचं, भिंतीपलीकडच्या आवाजाचं, सगळं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी रडत नव्हते, फडकी कोंबत बोलत होते.

ते म्हणाले, "तांब्याच्या आवाजानं मानूस मरत न्हाय गं. शेणानं मरतंय."

बाहेर एक मोठा बार झाला. मी वळून त्यांच्या मानेकडे बघितलं. ते स्वतःचा अंगठा बघत बसले होते. मी जवळ गेले तसा त्यांनी तो मुठीत मिटून घेतला आणि म्हणाले, "करंज्या खायच्यात का न्हायीत आज?"

भाऊबीज गेली. बाविसाव्या दिवशी सकाळी अण्णांनी कांडं सोललं, चावलं, ताटलीत टाकलं आणि मिशांवरून हात फिरवला. "झालं का तुजं? आता भात कुकरात लाव, लई चिखल खाल्ला तीन आठवडं." मी हसले. खरंच हसले. वर गेले तर प्रत्येक काडीवर तांबडी फूट. शेणाच्या टोप्यांखालून बोटभर लांब, लाल, कोवळी पानं, त्यावर अजून काटेही धरले नव्हते. आईच्या गुलाबाच्या खुंटावर जुन्या पानाचा देठ राहिला होता, त्याला बोट लावलं तर तो अलगद गळून पडला आणि खाली डोळा हिरवा होता. लागला होता.

त्या खुंटाला आणखी थोडं पाणी घालावं म्हणून मी कोपऱ्यातलं पाण्याचं निळं पिंप सरकवलं. पिंपामागे भिंतीला लागून चिपाडांचा ढीग होता.

जुनी, वाळून पांढरी पडलेली खाली. त्यावर पिवळी. सगळ्यात वर आजची, ओली, मुंग्या लागलेली. मी रोजची चिपाडं खाली बादलीत टाकत होते. ही माझ्यासमोरची नव्हती. मी तिथेच उकिडवी बसले. अण्णा रोज पहाटे मी उठायच्या आधी झाडांना पाणी घालायला वर यायचे. इतके दिवस, रोज, तो माणूस अंधारात पिंपाआड उभा राहून एक कांडं चावून बघत होता. आपला जबडा चालतो का, हे मला दाखवण्याआधी स्वतः बघत होता. नसता चालला, तर मी उठायच्या आत काय करायचं हेही ठरवलं असेल. काय ठरवलं असेल ते मी विचारलं नाही. मला तेव्हा जशी भीती वाटली तशी त्या एकवीस दिवसांत कधी वाटली नव्हती. तोवर मला वाटत होतं घाबरायचं काम माझं आहे आणि ते नुसते माझी चेष्टा करतायत. मी पिंप होतं तसं सरकवून ठेवलं आणि खाली जाऊन कुकर लावला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मामू थकले, त्यांचा मुलगा रोपं आणतो. अण्णांचे हात थरथरतात, कात्री धरवत नाही, वरचे दात कवळीचे. आता ते गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात आणि काठीने दाखवतात. "त्यो न्हवं. त्येच्या खालचा. भायेर बगनारा." मी जाड हातमोजे घालते, लेप बाजारचा लावते, आणि दर कापाला डोळे किंचित मिटते. चुन्याची डबी त्यांनी माझ्याकडे दिली आहे. पहिल्या वर्षी मी एकाही कुंडीला ठिपका लावला नाही. दुसऱ्या वर्षी एका. यंदा दोन.

यंदा आईच्या गुलाबाची छाटणी करताना मोज्याच्या शिवणीतून काटा तळहातात गेला. मी ओठ आवळून हात मागे घेतला, पण त्यांनी बघितलं.

"टोचलं?"

"जरासंच."

"धू जा."

धुतला. साबणाने, तीनदा. माझं इंजेक्शन अजून चालू मुदतीतलं आहे, तरी संध्याकाळी जाऊन डॉक्टरीणबाईंना दाखवून आले. त्या हसल्या, काही लागत नाही म्हणाल्या. अण्णांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बातम्या बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाशेजारी ताटली होती. ताटलीत उसाचं एक कांडं, दोन्ही टोकांना चेचल्यासारखं तुटलेलं. थरथरत्या हातांनी कोयत्याने किती घाव घातले असतील कोण जाणे.

"हे काय?"

"सोल."

"अण्णा, बाईंनी सांगितलंय ना, काही होत नाही."

"म्हाईत हाय. सोल."

मी सोललं. दातांनी, एक एक पट्टी. ते खुर्ची पुढे ओढून माझ्या कानाखाली बघत होते, डोळ्यांची पापणी न लवता. मी चावलं, चोथा ताटलीत टाकला आणि ताटली उचलायला लागले.

"ऱ्हाऊ दे. आन हिकडं," ते म्हणाले. माझ्याकडे सरळ बघून म्हणाले. "मी टाकतो पिंपामागं."

पिंप भंगारात देऊन तीन वर्षं झाली आहेत, आणि त्यामागच्या ढिगाचा विषय आमच्यात कधी निघाला नव्हता. मी चिपाडं त्यांच्या ओंजळीत दिली.